सातवा खांब

तौनो कार्पिनेन. रस्त्यावरचं बर्फ काढायचा नांगर चालवतो.
वय एकसष्ट. दारू नाही. चष्मा फक्त वाचायला.
पहाटेचे तीन चाळीस, उणे एकोणतीस, वारा शून्य.
सरोवराकाठचा रस्ता.
"सात होते," म्हणाला, "उभे.
जमिनीला टेकलेले नाहीत, वरून लोंबणारेही नाहीत.
सहा पांढरे, एक नारिंगी.
नारिंगी माझ्या मागून यायचा.
मी थांबलो की थांबायचा."
बोलत होता तोवर कॉफीचा कप
त्यानं टेबलाच्या बोटभर वर धरून ठेवला होता.

मी हवामानखात्यात तेहतीस वर्षं फुगे सोडले.
आता निवृत्त आहे, लोकांच्या आकाशाबद्दलच्या तक्रारी लिहून घेते.
दहातल्या सहा वेळा तो शुक्र असतो.
एकदा एका लग्नातला कागदी आकाशकंदील होता,
एकदा खिडकीच्या काचेत उमटलेला स्वतःचाच टीव्ही.
कुणाला हसत नाही. हसलं की माणसं
पुढच्या वेळी फोन करत नाहीत,
आणि आकाशाचं काय, ते तर चालूच असतं.

शुक्र त्या वेळी क्षितिजाखाली.
विमान नाही; विमानतळावरच्या पोरानं दोनदा तपासून सांगितलं,
दुसऱ्यांदा जरा वैतागून.
फुगा सोडलेला नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.
सैन्याचा सराव? तिथला अधिकारी
ताकास तूर लागू देईना, पण आवाजात कंटाळा होता,
आणि कंटाळ्याचं सोंग सहसा कुणी आणत नाही.
त्याच रात्रीची आणखी एकच तक्रार होती:
पलीकडच्या काठावरून, आउने लेस्किनेन, जुन्या शिक्षिका.
त्यांना एकच दिसला. नारिंगी. "हळू चालणारा," त्या म्हणाल्या,
"जणू कुणी काही शोधतंय."

अकरा दिवसांनी तशीच थंडी पडली.
मी तौनोच्या शेजारी, नांगराच्या केबिनमध्ये,
मांडीवर थर्मास, खिशात गोठू नये म्हणून काखेत पेन.
वळण ओलांडलं
आणि ते उभे होते.
इतकी वर्षं पुस्तकात वाचलेलं, कागदांवर लिहिलेलं, तरी
माझ्या तोंडून शब्द फुटायला वेळ लागला.

मग सांगितलं. हवेत बर्फाच्या चपट्या पापड्या तरंगतात,
नखाच्या टवक्याहूनही बारीक, सगळ्या आडव्या,
खालच्या दिव्याचा उजेड एकेक करून आपल्याकडे वळवतात,
आणि आपल्याला वाटतं खांब आहे.
लाकडाच्या गिरणीच्या आवारात दिवे किती?
"सहा," तो म्हणाला. तिथंच काम करायचा पूर्वी.
बराच वेळ तो मोजत राहिला.
"मग हा?"
आरशात नारिंगी उभा होता, शहाण्या मुलासारखा.

"टपावरचा फिरता दिवा बंद करता?"
"नियमात बसत नाही."
"एक मिनिट."

त्यानं खटका दाबला.
आरसा काळा झाला.
इंजिनाची धडधड तेवढी आमच्या दोघांमध्ये.
मी वाट पाहत होते की आता हसेल,
किंवा शिवी देईल, लोक देतात.
तो म्हणाला,
"म्हणजे त्या रात्री मी एकटाच होतो."

ह्याला माझ्या फॉर्ममध्ये रकाना नाही.
मी थर्मास उघडला, त्याला दिलं, मला घेतलं.
नियमाप्रमाणे त्यानं दिवा पुन्हा लावला.
नारिंगी परत आला, आपल्या जागी, बिनबोभाट.

परतताना, गिरणीच्या फाटकाशी, त्यानं विचारलं,
"त्या पलीकडच्या बाईंना दिसलेला, तो..."
"तुम्हीच."
"रोज पाहतात?"
"थंडी असली की. खिडकीत बसून."
पुढचा मैलभर त्यानं नांगर नेहमीपेक्षा हळू चालवला,
असं मला वाटलं. मोजलं नाही.
"सांगितलंत त्यांना?"
"उद्या फोन करायचाय."
"नका करू," तौनो म्हणाला,
"निदान बर्फ वितळेपर्यंत."

कागद अजून माझ्या टेबलावर आहे.
एक नंबर: उलगडा झाला.
दोन नंबर: तपास चालू.